नित्यकर्म आणि नवे स्फुरण

झांशी जिल्ह्यातील समथर येथून एका वाचक गृहस्थांचे पत्र आले आहे. घराणे मूळचे मराठी, परंतु कित्येक पिढ्या बुंदेलखंडात रुजलेले. पत्रलेखक स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. ज्याच्या घरी देवघर आहे आणि चरितार्थासाठी ज्याला रोज बुद्धी चालवावी लागते, अशा प्रत्येक गृहस्थाश्रमी माणसाचा तो प्रश्न आहे. म्हणून खाजगी उत्तर देऊन न थांबता येथे त्याचा विचार करीत आहोत.

पत्राचा आशय असा: पहाटे उठणे, स्नान, संध्या, पंचायतनाची पूजा आणि गीतेचा एक अध्याय, हा क्रम त्यांनी वडिलांच्या पश्चात बावीस वर्षे चालविला आहे. शाळेत मुलांना अपूर्णांक शिकविताना ते हैराण झाले होते. पाच ही संख्या तीनपेक्षा मोठी, मग एकपंचमांश हा एकतृतीयांशापेक्षा लहान कसा, हे काही केल्या मुलांच्या गळी उतरेना. एके दिवशी पूजेत नैवेद्याच्या गुळाचा खडा वाटीत ठेवताना त्यांच्या मनात सहज आले की, आज घरी पाहुण्यांची मुले आली आहेत. प्रसाद तिघांऐवजी पाच जणांत वाटावा लागेल आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येईल. त्याच क्षणी शाळेतील कोडे सुटले. ते आनंदाच्या भरात आरती न करताच उठले. शाळेत गुळाचे दोन सारखे खडे नेले, एक तिघांत वाटला, दुसरा पाच जणांत. आणि आठवडाभर जे समजले नव्हते ते मुलांना घटकाभरात समजले.

येथवर सारे चांगलेच झाले. पुढे मात्र निराळे घडू लागले. दुसऱ्या दिवसापासून ते पूजेला बसले की मनात एकच वाट पाहणे: आज काय सुचणार? गंध उगाळतानाही लक्ष त्याकडेच. सुचले तर काहीच नाही, आणि पूजाही पूर्वीसारखी होईना. शहरात नोकरी करणारे त्यांचे चिरंजीव म्हणतात, ‘बाबा, असे विचार फिरायला गेल्यावरही सुचतात. मग पूजेत पाऊण तास कशाला घालवायचा?’ पत्रलेखक विचारतात: त्या दिवशी मी अर्ध्या पूजेतून उठलो, हा दोष झाला काय? पूजेत कामाचा विचार येणे हे चित्ताचे चांचल्य मानावे की ईश्वराची कृपा मानावी? आणि मुलाला उत्तर काय द्यावे?

नित्य आणि काम्य

प्रथम आपल्या शास्त्रकारांनी केलेला एक भेद ध्यानात घ्यावा. कर्मे नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशी सांगितली आहेत. रोज करावयाचे ते नित्य; काही प्रसंग आल्याने करावयाचे ते नैमित्तिक; मनात एखादे फळ धरून केले जाते ते काम्य. संध्या, पूजा, स्वाध्याय ही नित्यकर्मे होत. ती ‘अमुक मिळावे’ म्हणून करावयाची नसतात. सूर्य उगवला म्हणून आपण उठतो, तशी ती वेळ झाली म्हणून करावयाची असतात.

आता पत्रलेखकांच्या बाबतीत काय घडले ते पाहा. बावीस वर्षे त्यांची पूजा नित्यकर्म होती. एका सकाळी तिच्यातून एक फळ अकस्मात हाती आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या फळासाठी पूजा मांडली. बाहेरून पाहणाऱ्याला तेच ताम्हन, तीच निरांजन, तेच मंत्र. परंतु आतून नित्यकर्माचे काम्यकर्म झाले. देवासमोर बसलेला माणूस गिऱ्हाईक होऊन बसला. गीतेने फळावर दृष्टी ठेवून कर्म करू नये असे सांगितले (२।४७), त्याचे एक कारण येथे प्रत्यक्ष दिसते: फळावर खिळलेली दृष्टी हातातल्या कर्मावर राहत नाही, आणि कर्मावर दृष्टी नसली की फळही दुरावते. सतराव्या अध्यायात यज्ञाचे तीन प्रकार सांगताना फळाच्या इच्छेने किंवा दिखाव्यासाठी केलेल्या यज्ञाला राजस म्हटले आहे (१७।१२). नवीन कल्पनेची इच्छा ही धनाच्या इच्छेहून सोज्वळ दिसते खरी. पण इच्छाच ती.

मग नित्यकर्मापासून काहीच लाभ नाही, असे म्हणावयाचे काय? तसेही नाही. आपस्तंब धर्मसूत्रात यासाठी एक सुरेख दृष्टान्त आहे. आंब्याचे झाड लावतात ते फळासाठी; सावली आणि सुगंध त्याच्या मागोमाग आपोआप येतात. त्याचप्रमाणे धर्माचे आचरण केले असता इतर लाभ त्याच्यामागून येतात. आणि न आले तरी धर्माची हानी होत नाही. पूजेत सुचलेला विचार ही अशी सावली आहे. ती लाभली तर तिच्यात सुखाने बसावे. मात्र सावलीसाठी रोज झाड हलवू नये.

तेच ते करताना नवे कसे सुचते

येथे कोणी विचारील की, रोज तेच ते करणारे मन जड व्हावयाचे. त्यात नवे स्फुरावे कसे? हा आक्षेप अगदी खोटा नाही. श्रद्धेवाचून केलेले हवन, दान, तप सारे असत् होय, असे गीताच सांगते (१७।२८). ओठ स्तोत्र म्हणत आहेत आणि मन बाजारात आहे, अशी पूजा पन्नास वर्षे केली तरी तिच्यातून जडत्वच वाढेल.

परंतु लक्ष देऊन केलेल्या नित्यकर्माची गोष्ट वेगळी आहे. ज्या कर्माचा क्रम हाताला पुरता ठाऊक झाला, त्यात ‘आता पुढे काय’ हा प्रश्न उरत नाही. संध्येची आचमने, देवांना घालावयाचे स्नान, फुलांची मांडणी यांतील प्रत्येक पाऊल ठरलेले. निर्णय करण्याचा भार उतरला की बुद्धीला विश्रांती मिळते. आणि हात गुंतलेले असल्याने मन अगदी उनाडही होत नाही. काम नाही आणि झोपही नाही, धावपळ नाही आणि आळसही नाही, अशी ही मधली स्थिती आहे. आहार, विहार, निद्रा आणि जागृती यांत प्रमाण सांभाळणाऱ्याचाच योग दुःख दूर करणारा होतो, हे सहाव्या अध्यायातील सांगणे (६।१७) या स्थितीलाही लागू पडते.

पाश्चात्य विचारवंतांनाही याचा अनुभव आलेला आहे. इंग्लंडमधील ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नवनिर्मितीच्या चार पायऱ्या सांगितल्या: प्रथम पूर्वतयारी, मग प्रश्न बाजूला ठेवून तो आतल्या आत मुरू देणे, मग अकस्मात प्रकाश पडणे, आणि शेवटी पडताळा. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी १९०८ साली आपला असाच अनुभव सांगितला. ज्या प्रश्नावर त्यांनी पूर्वी पुष्कळ डोके शिणविले होते, त्याचा धागा एका सहलीत, प्रवासी गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना, गणिताचा विचारही मनात नसता त्यांच्या हाती लागला. घरी परतल्यावर त्यांनी तो नीट पडताळून पाहिला.

यातील दोन गोष्टी विसरता कामा नयेत. गाडीच्या पायरीने गणित सोडविले नाही. त्याआधी केलेल्या परिश्रमाने सोडविले. आणि अचानक सुचलेले म्हणून ते खरे मानले गेले नाही. पडताळल्यावरच मानले गेले. समथरच्या शिक्षकांचेही तसेच झाले. आठवडाभर ते त्या अपूर्णांकांपायी बेचैन होते, म्हणून गुळाचा खडा बोलला. ज्याला प्रश्नच पडलेला नाही त्याला तो खडा नुसता गोड लागला असता.

चिरगावचे उदाहरण

समथरहून मोठला येऊन झांशीची वाट धरली की चिरगाव लागते. हिंदीचे राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचे हे गाव. १८८६ साली येथे त्यांचा जन्म झाला. घर वैष्णव, वडील रामभक्त आणि स्वतः काव्याचे प्रेमी. अशा घरात रामकथा ही एकदा ऐकून संपणारी गोष्ट नसते. तीच अयोध्या, तोच वनवास, तोच भरत वर्षानुवर्षे कानांवर पडत राहतो. उत्तर भारतात अशी लक्षावधी घरे आहेत, आणि रामकथेत आता नवे ते काय उरले, असेही कोणी सहज म्हणेल.

परंतु याच कथेतून गुप्तजींनी ‘साकेत’ हे महाकाव्य उभे केले आणि त्यात लक्ष्मणपत्नी ऊर्मिलेला हृदयस्थानी आणले. लक्ष्मण वनात गेला. ऊर्मिला चौदा वर्षे घरात राहिली. तिचे काय झाले, हे विचारण्यास कथेच्या ओघात सहसा कोणी थांबत नसे. हा प्रश्न गुप्तजींना शून्यातून सुचला नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. रवींद्रनाथ ठाकुरांनी काव्यात उपेक्षित राहिलेल्या स्त्रियांविषयी आधीच लिहिले होते, आणि गुप्तजींचे मार्गदर्शक महावीरप्रसाद द्विवेदी यांनी १९०८ साली ‘सरस्वती’ मासिकात, कवींनी ऊर्मिलेकडे दाखविलेल्या उदासीनतेवर लेख लिहिला होता. बीज बाहेरून आले. पण ते पडले ते रामकथेने नित्य भिजत आलेल्या जमिनीत. पुष्कळ वर्षांच्या परिश्रमानंतर, १९३१ च्या सुमारास ते काव्य लोकांपुढे आले.

यावरून गृहस्थाने काय घ्यावे? नित्यपाठ तोच असतो; पाठ करणारा मात्र रोज तोच नसतो. काल ज्याच्या घरी मूल जन्मले आणि आज ज्याच्या घरी कोणी आजारी आहे, त्याला गीतेचा दुसरा अध्याय दोन्ही दिवशी सारखा ऐकू येणार नाही. न बदलणाऱ्या आरशापुढे उभे राहिल्यानेच चेहऱ्यातला बदल दिसतो. आरसाच रोज बदलला तर तो कशावरून कळणार?

ठरलेली वेळ आणि दीर्घ तयारी

दुसरे उदाहरण साक्षात गीतेशी निगडित आहे. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता समजत नसे आणि त्या वेळचे मराठी अनुवाद अवघड वाटत. तूच का करीत नाहीस, असे त्यांनी मुलाला म्हटले. १९१८ साली त्या निवर्तल्या. विनोबांनी ‘गीताई’ लिहावयास घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यास, पहाटेची प्रार्थना आटोपल्यावर. आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण केली. म्हणजे लेखनास चार महिने लागले. पण आईची इच्छा त्यापूर्वी बारा वर्षांहून अधिक काळ मनात मुरत होती, आणि गीतेचे चिंतन अखंड चालू होते. पुढच्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली; ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आज आपल्याला वाचावयास मिळतात.

लेखनाचा आरंभ प्रार्थना आटोपल्यावर झाला, प्रार्थनेच्या मध्ये नव्हे, ही बारीक गोष्ट पत्रलेखकांनी विशेष पाहावी. प्रार्थनेच्या वेळी प्रार्थना. लेखनाच्या वेळी लेखन. दोन्हींची वेळ शेजारी शेजारी आहे, पण एकीने दुसरीची जागा बळकावलेली नाही.

हे विद्वानांचे झाले, आमच्यासारख्या सामान्यांचे काय, असे कोणी म्हणू नये. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जाते, चूल, शेत हेच त्यांचे नित्यकर्म. त्या कामात त्यांना ओव्या स्फुरत. घरच्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि दुसऱ्या वर्षी ती गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा सारा महाराष्ट्र चकित झाला. पहाटे जात्यावर बसणाऱ्या आमच्या असंख्य आयाबहिणींनी पिढ्यान्पिढ्या हेच केले. खुंटा तोच, फेरा तोच, ओवी मात्र नवी. उंबऱ्यापुढे रांगोळी घालणारी गृहिणीही ठिपके ठरलेलेच ठेवते आणि त्यांतून रोज वेगळी आकृती काढते. नेम आणि नवनिर्मिती यांचे वैर नाही, हे आपल्या घरातील स्त्रियांनी ग्रंथ न लिहिता सिद्ध करून ठेवले आहे.

पूजेत विचार आला तर

आता मूळ प्रश्न. पूजेत कामाचा विचार आला तर काय करावे?

प्रथम, भिऊ नये. मन चंचल आहे हे अर्जुनाने सांगितले आणि भगवंतांनी ते मान्य केले, अभ्यास आणि वैराग्य यांनी ते आवरता येते, एवढीच पुस्ती जोडली (६।३५). मन जेथे जेथे जाईल तेथून तेथून त्याला परत आणावे, हाच उपाय आहे (६।२६). त्यात मन कधीच जाऊ नये अशी अपेक्षा नाही. ते जाईल, म्हणूनच आणावयास सांगितले.

म्हणून विचार आला की त्याच्याशी भांडू नये आणि त्याच्यामागे धावूही नये. हातातले फूल देवाला वाहताना तो विचारही मनोमन तेथेच वाहावा आणि पुढच्या मंत्राकडे वळावे. पत्रलेखक म्हणतील, तोवर विचार विसरला तर? याचे उत्तर पंधराव्या अध्यायात आहे. स्मृती आणि ज्ञान माझ्यापासून आहेत, आणि त्यांचा लोपही माझ्यापासूनच आहे, असे भगवान सांगतात (१५।१५). ज्याने आठवण दिली त्याच्यावर विस्मरणाचाही भार टाकावा. अनुभव असा आहे की, विचारात खरोखर सत्त्व असेल तर तो आरतीनंतर दाराशी उभा असतो. आणि जो पाच मिनिटेही थांबू शकत नाही, तो फार मोलाचा नसतो.

मग त्या दिवशी ते अर्ध्या पूजेतून उठले, हा दोष झाला काय? पाच-दहा मिनिटे थांबून मग शाळेत जाणे अधिक चांगले झाले असते, इतकेच. मुलांचे अडलेले दूर करावे या कळकळीने ते उठले. त्या कळकळीची सेवा देवाला नावडली असेल असे मानण्याचे कारण नाही. खरी चूक त्या दिवशीची नव्हती. ती दुसऱ्या दिवशीपासूनची होती: प्रसाद मिळाला, आणि मागून त्यांनी त्याची मागणी सुरू केली.

विचाराची पारख

सुचलेला प्रत्येक विचार ईश्वराने दिला असेही समजू नये. पूजेला बसलेल्याला शेजाऱ्यावर खटला कसा भरावा हेही सुचते. म्हणून पारख हवी. कार्य काय आणि अकार्य काय, भय कशात आणि अभय कशात, हे जी नीट जाणते ती बुद्धी सात्त्विक, धर्म-अधर्माची गल्लत करणारी ती राजस, अधर्मालाच धर्म मानणारी ती तामस, असा भेद अठराव्या अध्यायात केला आहे (१८।३०–३२). साध्या व्यवहारात ही पारख तीन प्रश्नांनी करता येते. हा विचार अमलात आणला तर कोणाचे भले होईल? कोणाचे नुकसान होईल? आणि श्रेय मला न मिळता दुसऱ्याला मिळाले, तरी हे घडावे असे मला वाटेल काय? तिसऱ्या प्रश्नापाशी पुष्कळ विचार गळून पडतात. जो टिकेल तो हाती घ्यावा.

श्रेयाचाही उलगडा गीतेने करून ठेवला आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास आधारस्थान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव, अशी पाच कारणे लागतात (१८।१४). गुळाच्या खड्याचेच पाहा. घर आणि शाळा हे आधारस्थान, शिक्षक हा कर्ता, गूळ हे साधन, आठवडाभराची खटपट हे प्रयत्न. आणि नेमके त्याच दिवशी पाहुण्यांची मुले आली, हे दैव. पाचांपैकी एक असलेल्याने ‘मीच केले’ असे म्हणणे ही समजुतीतील उणीव होय, असे पुढे लगेच सांगितले आहे (१८।१६). हे ध्यानात राहिले म्हणजे सुचल्याचा गर्व होत नाही, आणि न सुचल्याचा विषादही होत नाही.

महिनाभर करून पाहण्याजोगा नेम

पत्रलेखकांना, आणि ज्या कोणाला हा अनुभव घ्यावयाचा असेल त्यांना, पुढील साधा क्रम सुचवावासा वाटतो.

१. रात्री निजण्यापूर्वी आपल्या कामातील अडलेला एकच प्रश्न वहीत एका वाक्यात स्पष्ट लिहावा. एकाहून अधिक लिहू नयेत. लिहिला की वही मिटावी आणि नामस्मरण करून झोपावे.

२. सकाळी पूजा होईपर्यंत भ्रमणध्वनी किंवा वृत्तपत्र यांस हात लावू नये. जगाच्या वार्तांनी भरलेले मन देवापुढे नेले, तर त्यात दुसरे काही मावत नाही.

३. पूजेत त्या प्रश्नाचे नाव काढू नये. मोठी पूजा होत नसेल तर लहान करावी. पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावरही भगवान संतुष्ट आहेत (९।२६), परंतु जे करावे ते सावकाश आणि अर्थाकडे लक्ष देऊन करावे. पाऊण तासाची घाई करण्यापेक्षा पंधरा मिनिटांची शांती बरी.

४. गीतेचा पाठ क्रमाने ठेवावा. आवडता अध्याय रोज म्हणण्याचा मोह टाळावा. न आवडणारा श्लोकच पुष्कळदा आपल्या कामाचा असतो.

५. आरतीनंतर लगेच न उठता दहा मिनिटे वही घेऊन बसावे. काही सुचले तर लिहावे. न सुचले तर तारीख घालून ‘आज काही नाही’ असे लिहावे आणि समाधानाने उठावे. ही ओळ लिहिणे हा या नेमाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. फळ नसताना कर्म पुरे करण्याचा तो अभ्यास आहे.

६. जे सुचले असेल ते त्याच दिवशी थोडे तरी करून पाहावे, आणि अनुभवाने खोटे ठरले तर निःसंकोच सोडून द्यावे.

एक सूचना विशेषतः पुरुष वाचकांस. आपली पूजा शांततेत व्हावी म्हणून घरातील स्त्रीला चहा, मुले आणि डबे यांच्या धांदलीत एकटीला टाकून देवघराचे दार लावून घेणे, हे नित्यकर्म नव्हे. तिच्याही दिवसात तिची अशी निवांत घटका असली पाहिजे. आपल्या दहा मिनिटांसाठी दुसऱ्याची दहा मिनिटे खर्ची पडत असतील, तर त्या कर्माच्या हिशोबात कोठेतरी चूक आहे असे समजावे आणि प्रथम ती दुरुस्त करावी.

चिरंजीवांना उत्तर

राहिला मुलाचा प्रश्न. फिरायला गेल्यावरही विचार सुचतात, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. प्वांकारे यांना ते गाडीच्या पायरीवर सुचले; तेथे कोणती पूजा होती? तेव्हा या मुद्द्यावर मुलाशी वाद घालू नये. त्याने जरूर फिरावे. सकाळचे चालणे शरीराला आणि बुद्धीला हितकारकच आहे.

परंतु त्याला एवढे प्रेमाने सांगावे की, बाबा रे, विचार सुचावेत म्हणून मी पूजा करीत नाही. सावली पिंपळाखालीही मिळते. म्हणून कोणी अंगणातील आंबा तोडत नाही. चालताना माणसाला पुष्कळ सुचते. पण जे सुचले ते कोणासाठी, हा प्रश्न रस्ता विचारीत नाही. देवघर तो रोज विचारते. जे करशील, खाशील, देशील ते मला अर्पण कर (९।२७), हे रोज ऐकणाऱ्याच्या हातून गुळाचा खडा शाळेतल्या मुलांपर्यंत पोचतो, न ऐकणाऱ्याला त्याच खड्यातून केवळ आपला फायदा सुचण्याचा संभव असतो.

आणि मुलाने तरीही पूजा केली नाही, तर त्याच्यावर रागावू नये. आपले नित्यकर्म शब्दांनी पटवावयाचे नसते. बावीस वर्षांत त्याने वडिलांना पूजा करताना पाहिले आहे. परंतु फळाची वाट न पाहता, ‘आज काही नाही’ असे लिहूनही प्रसन्नपणे उठणारे वडील त्याने कदाचित अजून पाहिलेले नसतील. ते त्याला पाहू द्यावेत. प्रेमपूर्वक भजन करणाऱ्यांना आपण बुद्धियोग देतो, असे भगवंतांचे आश्वासन आहे (१०।१०). ते केव्हा, कोणत्या रूपाने आणि कोणाच्या घरी पुरे करावयाचे, हे त्यांच्यावर सोपवावे. समथरच्या त्या देवघरात उद्या पहाटे दिवा लावताना पत्रलेखकांनी एवढेच करावे: वात नीट करावी, तेल घालावे, आणि उजेड कोठवर पडतो हे मोजीत बसू नये.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥